तोल जातो तेव्हा…

शाळेत आपल्याला ज्ञानेंद्रिये पाच शिकवतात. डोळे पाहतात, कान ऐकतात. नाक, जीभ आणि त्वचा आपापले काम करतात. पण अंधाऱ्या खोलीत कूस बदलली तरी आपण डाव्या अंगावर आहोत की उजव्या, हे आपल्याला बिनचूक कळते. चालता चालता मान वळवून शेजारणीशी बोलले, तरी पाऊल वाकडे पडत नाही. लोकलमध्ये दांडा न धरता उभा राहिलेला मुंबईकर गाडीच्या प्रत्येक हेलकाव्याला नकळत अंग देतो आणि हातातल्या मोबाइलवरची नजर ढळू देत नाही. हे काम पाचांपैकी कोणाचे? या सहाव्या इंद्रियाला आपण साधे नावही दिलेले नाही. ते इतक्या मुकाट्याने राबते, की त्याची आठवण होण्यासाठी ते बिघडावेच लागते.

आणि ते बिघडायला काही मोठा अपघात व्हावा लागतो असेही नाही. पुष्कळदा निमित्त होते ते एखाद्या सर्दी-तापाचे.

ताप गेला, पण…

प्रकार सहसा असा घडतो. चार दिवस पडसे, अंगदुखी, थोडा ताप. मग ताप उतरतो, तोंडाला चव येते, आणि घरातली माणसे 'सुटलो बाई एकदाचे' म्हणतात. अशातच एखाद्या सकाळी डोळे उघडावेत, तो छत गरगर फिरत असते. उठून बसावे तर अंथरूण एका बाजूला कलते. उलट्या थांबत नाहीत. मान तसूभर हलली तरी साऱ्या घराला भोवरा लागतो. ऐकू मात्र नीट येत असते. दोन-तीन दिवसांनी हे वादळ ओसरू लागते आणि मागे उरते ती एक चमत्कारिक अस्थिरता. पाय गादीवर पडल्यासारखे वाटतात, वळताना झोक जातो, आणि गर्दीत शिरले की डोके भणभणते. कोणाचे हे आठवड्यांत जाते, कोणाचे महिनोन्‌महिने रेंगाळते.

वैद्यकशास्त्र या दुखण्याला 'व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस' म्हणते. आतल्या कानातून मेंदूकडे तोलाची वर्दी नेणारी जी शिर, म्हणजे मज्जातंतूंची जुडी आहे, तिला आलेली ही सूज. ती विषाणूंमुळे येत असावी असे मानतात. तापानंतर ओठाच्या कडेला जे बारीक फोड उठतात, त्यांचा विषाणू शरीरात वर्षानुवर्षे दडून राहतो आणि संधी साधून डोके वर काढतो. दाट संशय आहे तो त्याच्यावर. सूज आतल्या कानातही पसरली, की तोलाबरोबर ऐकणेही बिघडते. त्याचे नाव 'लॅबिरिंथायटिस'.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात हे प्रकरण माझ्याही वाट्याला आले. तेव्हा खालचे लिखाण निव्वळ पुस्तकी नाही, एवढेच सांगते. पहिल्या चार दिवसांतले मला बादली आणि भिंत याखेरीज फारसे काही आठवत नाही. कॉलेजात परत गेले ती तिसऱ्या आठवड्यात. फळ्यावर चार ओळी लिहून वर्गाकडे वळले, की मी आधी वळत असे आणि वर्ग क्षणभर मागाहून वळत असे! पुढच्या बाकावरच्या एका मुलीने न बोलता खुर्ची फळ्याजवळ आणून ठेवली. व्याकरण शिकवताना मी तिची पाठ धरून उभी राहत असे.

एक शब्द, चार दुखणी

डॉक्टरांकडे जाऊन आपण म्हणतो, "चक्कर येते." बिचाऱ्या डॉक्टरांची तिथूनच पंचाईत सुरू होते. कारण 'चक्कर' हा शब्द आपण निदान चार वेगळ्या तक्रारींसाठी वापरतो. भाषेची शिक्षिका या नात्याने मला याचे वाईट वाटते; मराठीजवळ यासाठी शब्दांची मुळीच वाण नाही.

खोली किंवा आपण स्वतः गरगर फिरल्यासारखे वाटते, ती भोवळ. हिचा संशय प्रथम आतल्या कानावर जातो. बसलेले उठून उभे राहताना डोळ्यांपुढे काळोख येतो, ती अंधारी. तिथे रक्तदाब, नाडी, अंगातले रक्त यांकडे पाहावे लागते. विषाणूच्या आजारातून उठलेल्या काही माणसांची, आणि २०२० नंतर कोविडमधून उठलेल्या अनेकांची, उभे राहताच नाडी धावू लागते. तीही या दुसऱ्या वर्गात येते. डोके स्वच्छ असूनही चालताना पाय भलतीकडे पडतात, तो झोक. आणि होडीत बसल्यासारखे, तरंगल्यासारखे वाटत राहते, ती डोक्याची हलकी अवस्था चौथी. यांपैकी आपले कोणते, ते किती वेळ टिकते, कोणत्या हालचालीने येते आणि त्याबरोबर कान वाजतो किंवा बधिर होतो काय, एवढ्या गोष्टी कागदावर लिहून नेल्या तर निम्मे निदान तिथेच झाले म्हणून समजावे.

आयुर्वेदात अशा गरगरण्याला 'भ्रम' म्हणतात. मूळ अर्थ फिरणे, भ्रमण. पण आजच्या मराठीत भ्रम म्हणजे नसलेले दिसणे. शब्दाचा हा प्रवास रोग्याच्या वाट्यालाही येतो. त्याला खरोखर गरगरत असते आणि जग म्हणते, तुला भास होतो आहे. त्याविषयी पुढे बोलू.

चुलीचे तीन दगड

आपला तोल तीन आधारांवर उभा असतो. भांडे जसे चुलीच्या तीन दगडांवर, तसाच. पहिला दगड डोळ्यांचा. क्षितिज, भिंत, दाराची चौकट पाहून ते सरळ-तिरपे ठरवतात. दुसरा तळपायांचा आणि सांध्यांचा. जमीन कठीण की भुसभुशीत, भार कोणत्या पायावर आहे, हे ते सांगतात. तिसरा आतल्या कानाचा. बोटाच्या एका पेरात मावेल एवढ्या जागेत, प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या एकमेकींशी जवळपास काटकोनात बसवलेल्या आहेत. त्यांत द्रव भरलेला असतो आणि त्या द्रवाच्या हालचालीने लवणाऱ्या अतिसूक्ष्म केसांच्या पेशी असतात. मान होकारार्थी हलो, नकारार्थी हलो किंवा खांद्याकडे कलो, कुठल्या ना कुठल्या नळीत त्याची नोंद होतेच. त्यांच्या बुडाशी आणखी दोन लहान पिशव्या आहेत. त्यांत चुनखडीचे बारीक कण असतात. पुढे-मागे, वर-खाली जाणे आणि पृथ्वीची ओढ ते ओळखतात.

या यंत्राची साक्ष लहानपणी फुगडीने आपल्याला दिलेली आहे. फुगडीला वेग आला, की नळ्यांतला द्रवही हळूहळू आपल्याबरोबर फिरू लागतो. हात सोडून आपण थांबतो. द्रव मात्र थांबत नाही. गाडी थांबली तरी आतला उतारू पुढे कलतो, तसा तो फिरतच राहतो, आणि तेवढा वेळ अंगण आपल्याभोवती फेर धरते.

आणखी एक प्रयोग सांगते. साहित्य हातात आहेच. हा अंक स्थिर धरा आणि या ओळीवर नजर ठेवून मान भराभर 'नाही, नाही' अशी हलवा. अक्षरे वाचता येतात. आता मान स्थिर ठेवून अंक तितक्याच वेगाने हलवा. अक्षरांचा नुसता चिखल होतो. पहिल्या वेळी कानाने मेंदूला सांगितले, की मान उजवीकडे चालली, आणि मेंदूने डोळे तेवढेच डावीकडे वळवले. हे सारे सेकंदाच्या जवळपास शंभराव्या भागात घडते. चालताना डोके सारखे खाली-वर होत असूनही समोरचा रस्ता आपल्याला उड्या मारताना दिसत नाही, ही या जोडणीचीच कृपा.

आता विषाणू काय करतो ते पाहू. आपण स्वस्थ बसलेलो असतानाही दोन्ही कानांकडून मेंदूकडे सारखी वर्दी जात असते. उजवीकडे वळलो, की उजव्या कानाची वर्दी वाढते आणि डाव्याची घटते. या फरकावरून मेंदू वळण ओळखतो. सुजेमुळे डावा कान एकाएकी मुका झाला, म्हणजे बसल्या जागी दोहोंत मोठी तफावत पडते. मेंदूच्या हिशेबी तफावतीचा अर्थ एकच, की आपण उजवीकडे गरगर फिरत आहोत. मग तो डोळ्यांना उलटे सरकवतो, डोळे सरकून झटक्याने परत येतात, आणि खोली फिरते.

कबुतरे, बंब आणि नोबेल

हे सारे माणसाला कळले ते फार जुने नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात फ्लुरांस या फ्रेंच शास्त्रज्ञाने कबुतरांच्या कानातली एकेक नळी कापून पाहिली. पक्षी ऐकत राहिले. मात्र जी नळी कापली तिच्याच दिशेत गरगरू लागले. तरीही माणसाला भोवळ आली, की डॉक्टर 'मेंदूत रक्त चढले' म्हणत आणि जळवा लावून रक्त काढीत. १८६१ साली पॅरिसमध्ये मूकबधिरांच्या संस्थेचे वैद्य प्रॉस्पर मेन्येर यांनी ठामपणे मांडले, की अशा कित्येक रोग्यांचे मूळ दुखणे आतल्या कानात असते. पुढल्याच वर्षी ते वारले. आज कानाच्या एका विकाराला त्यांचे नाव आहे.

व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी हे कानाचे डॉक्टर. कान धुताना रोगी भोवळीची तक्रार करतात, हे त्यांनी पाहिले होते. पाणी फार गार आहे असे एक रोगी म्हणाला, तेव्हा ते गरम करून आणवले. तर त्याच्या डोळ्यांचे झटके उलट दिशेला पडू लागले! बारानींना आंघोळीच्या पाण्याचा बंब आठवला. तापलेले पाणी वर चढते, थंड खाली उतरते. कानातल्या नळीतही तेच होत असले पाहिजे. या तर्कातून निघालेली गार-गरम पाण्याची परीक्षा आजही वापरात आहे. त्यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा ते पहिल्या महायुद्धात रशियाचे युद्धकैदी होते. स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांनी रेडक्रॉसमार्फत खटपट केली आणि १९१६ साली त्यांची सुटका झाली.

१९५२ साली लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी भोवळीच्या विकारांची नीट वर्गवारी केली. ऐकणे शाबूत ठेवून फक्त तोल बिघडवणाऱ्या आपल्या या दुखण्याला तिथे स्वतंत्र स्थान मिळाले.

मेंदूची शिकवणी

मुका झालेला कान पुन्हा बोलू लागतो काय? काहींचा पूर्ण, काहींचा थोडा, काहींचा मुळीच नाही. पण गंमत अशी, की कान परतला नाही तरी माणूस परततो. कारण मेंदू नवा हिशेब मांडतो. याचे दोन भाग आहेत. बसल्या जागचे गरगरणे मेंदू थोड्या दिवसांत आपले आपण मिटवतो. वळताना, वाकताना, चालताना लागणारा तोल मात्र तो आपोआप शिकत नाही. मान हलली, समोरचे अक्षर पुसट झाले, तर मेंदूला कळते की डोळे कमी वळले; पुढच्या वेळी तो ते जास्त वळवतो. वहीत लाल खूण पडल्याशिवाय विद्यार्थ्याला आपली चूक कळत नाही, तसेच हे. मान हललीच नाही, तर खूण कुठून पडणार? हालचालीने येणारी थोडी चक्कर ही त्या लाल खुणेसारखी आहे. ती मुळीच येऊ नये अशी तजवीज करणारा माणूस मेंदूची शिकवणीच बंद करतो.

ही गोष्ट ध्यानात आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. इंग्लंडमधले कानाचे शल्यविशारद टेरेन्स कॉथॉर्न यांना दिसले, की जे रोगी लवकर उठून मान हलवू लागतात ते लवकर बरे होतात. डॉ. कुक्सी यांच्यासह त्यांनी व्यायामांची एक चढती मालिका बसवली. आधी निजून, मग बसून, मग उभे राहून, मग चालत. आधी डोळे उघडे, मग मिटून. आधी सावकाश, मग वेगाने. चेंडू झेलणे, जिना चढणे, गर्दीत वावरणे हेही त्यात होते. 'कॉथॉर्न-कुक्सी व्यायाम' या नावाने ते जगभर गेले आणि पुढे त्यांत पुष्कळ भर पडली. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ साली ३९ अभ्यासांतल्या २,४४१ रुग्णांचा आढावा घेतला. एका कानाच्या तोलविकारावर हे व्यायाम निर्धोक आणि गुणकारी आहेत, असाच त्याचा निर्वाळा होता.

'ळ' आणि लिंबू

मला शिकवले गेले ते असे. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक मोठे अक्षर चिकटवायचे. इंग्रजी अक्षराऐवजी मी आपला 'ळ' लावला. हातभर अंतरावर बसून त्याच्यावर नजर रोवायची आणि मान डावी-उजवीकडे, मग खाली-वर हलवायची. अक्षर जेमतेम स्वच्छ राहील इतक्याच वेगाने. अर्धे मिनिट, मग एक मिनिट. दिवसातून तीन-चार वेळा करून सगळे मिळून १२ ते २० मिनिटे भरावीत. बसून जमले की उभे राहून, मग पाय जुळवून, मग उशीवर उभे राहून, मग चालत. साध्या भिंतीवर जमले की नक्षीच्या पडद्यावर.

जोडीला तोलाचे धडे. एका पावलापुढे दुसरे पाऊल लावून भिंतीलगत चालणे. चालताना मान वळवून डावीकडचे कॅलेंडर, उजवीकडचे घड्याळ पाहणे. एका हातातले लिंबू दुसऱ्या हातात उडवून नजरेने त्याचा पाठलाग करणे. हा शेवटचा धडा सासूबाईंना फार पसंत पडला. पहिल्या आठवड्यात त्यांनी मीठ-मोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली होती आणि "अगं, पडून राहा, कामं काय पळून जातात?" असा धोशा लावला होता. पुढे त्याच रोज सकाळी माझ्यासमोर बसून लिंबू फेकू लागल्या. त्यांचे वय ७६. महिन्याभराने म्हणाल्या, "सूनबाई, मलाही जिना उतरताना बरं वाटतंय हो!" त्यात नवल काही नाही. तोलाचा सराव म्हातारपणी पडण्याचा धोका कमी करतो.

किती करावे याचा अंदाज सोपा आहे. व्यायामाने चक्कर थोडी वाढावी आणि पंधरा-वीस मिनिटांत पूर्वपदावर यावी. मुळीच वाढली नाही, तर धडा सोपा झाला, पुढचा घ्यावा. दिवसभर मळमळत राहिले, तर धडा अवघड होता, एक पायरी खाली यावे. पहिली दोन आठवडे हे काम कंटाळवाणे आणि किंचित क्रूर वाटते. त्यानंतर एके दिवशी रस्ता ओलांडताना आपण दोन्हीकडे झटकन पाहिले आणि काही झाले नाही, हे पलीकडे पोचल्यावर ध्यानात येते. व्यायाम ठरवताना मात्र तोलविकारांचा अनुभव असलेल्या फिजिओथेरपिस्टला दाखवावे. मान दुखावलेली असेल किंवा दुसरा आजार असेल तर धडे बदलावे लागतात.

आता गोळ्यांविषयी. भोवळ आणि उलट्या दाबणाऱ्या गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांत देवासारख्या धावून येतात. पण त्यांपैकी बऱ्याच मेंदूला गुंगवून काम साधतात. लाल खूणच पुसून टाकतात म्हणा ना. म्हणून त्या महिनोन्‌महिने चालू राहिल्या, तर बरे होणे लांबते. घरात अशी जुनी चिठ्ठी चालत आलेली असेल, तर ती डॉक्टरांपुढे ठेवावी आणि गोळी कधी व कशी थांबवायची ते विचारावे. परस्पर मात्र काही करू नये.

दिसत नाही ते दुखणे

हात मोडला, की प्लास्टर दिसते. ताप आला, की अंग भाजते. तोल गेलेला माणूस दिसायला धडधाकट असतो. रक्त तपासले, ठीक. डोक्याचा फोटो काढला, ठीक. मग हळूहळू घरातले सूर बदलतात. "मनावर घेतेस फार." "हवापालट कर." "आमच्या वेळी नव्हती असली दुखणी." कचेरीत रजेचा अर्ज देताना कारण काय लिहावे, हीच चोरी. 'भ्रम' या शब्दाचा आजचा अर्थ इथे टोचतो.

खरे सांगायचे, तर मन या दुखण्यात शिरते. मात्र मागाहून, आणि सकारण. एकदा भर रस्त्यात धरणी हलली, की माणूस पुन्हा त्या रस्त्याला जायला कचरतो. तो अंग ताठ धरून, नजर पायांशी ठेवून चालू लागतो. मान आणि खांदे आखडतात. प्रत्येक पावलाला 'येतेय का चक्कर?' म्हणून स्वतःलाच विचारतो. मेंदू कानावरचा विश्वास काढून सगळा भार डोळ्यांवर टाकतो. म्हणूनच भाजीबाजारातली वर्दळ, दुकानातली फळ्यांवर रचलेली रंगीत खोकी, मोबाइलवर सरकणारी चित्रे, सरकता जिना यांनी त्याला गरगरते. मूळ सूज कधीच गेलेली असते, पण ही सावधगिरी मुक्काम ठोकते. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या अशा डगमगीला बारानींच्याच नावाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ साली नाव आणि निकष ठरवून दिले. इंग्रजी आद्याक्षरांनी तिला 'पीपीपीडी' म्हणतात. हा वेडेपणा नव्हे आणि ढोंगही नव्हे. दुखणे नीट समजावून सांगणे, तोलाचे व्यायाम, मानसोपचारतज्ज्ञाशी बोलणे आणि काहींना ठराविक औषधे, यांनी यातूनही माणसे बाहेर पडतात.

माझ्या ओळखीतले एक निवृत्त गृहस्थ आठ महिने आरामखुर्चीत बसून होते. पुन्हा भोवळ येईल या धास्तीने ते न्हाव्याकडेसुद्धा जात नसत. न्हावी घरी येई. कोणीतरी त्यांना रोज दाराच्या चौकटीपासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालवू लागले. आधी पंचवीस पावले, मग पन्नास. सहा आठवड्यांनी ते एकटे जाऊन दूध घेऊन आले. त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "पिशवी हातात दिली तेव्हा मला रडूच आलं."

हे मात्र घरी बसून पाहू नये

सगळीच भोवळ कानाची नसते. क्वचित मेंदूतला रक्तपुरवठा अडल्यानेही ती येते. भोवळीबरोबर बोलणे जड झाले, एकाचे दोन दिसू लागले, चेहरा वाकडा झाला, एका बाजूच्या हातापायातली ताकद गेली, डोके किंवा मान असह्य दुखू लागली, धरूनसुद्धा उभे राहता येईना, किंवा एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. कानाजवळ नागिणीचे फोड आणि त्याबरोबर भोवळ आली, तरीही उशीर करू नये.

उलट, न्यूरायटिस बरा होत आल्यावर काहींना एक नवीच तक्रार सुरू होते. कूस बदलली किंवा वर पाहिले, की अर्धे-एक मिनिट जोराची भोवळ. मग काही नाही. पिशवीतले चुनखडीचे कण सुटून नळीत शिरल्याचे हे लक्षण. त्यावर अमेरिकेतल्या जॉन एप्ली यांनी मान विशिष्ट क्रमाने वळवून कण परत जागी घालवण्याची युक्ती बसवली. तिचा सविस्तर निबंध १९९२ साली प्रसिद्ध झाला. जाणत्या हातांनी केली तर ही भोवळ पुष्कळदा एक-दोन बैठकींतच थांबते. म्हणून 'जुनेच परतले' म्हणून निराश होण्यापूर्वी तपासून घ्यावे.

घरच्यांसाठी चार शब्द

तोल परत शिकणाऱ्या माणसासाठी घरात फार काही करावे लागत नाही. न्हाणीघराच्या वाटेवर रात्री मंद दिवा असावा, कारण अंधारात चुलीचा डोळ्यांचा दगडही निघून जातो. डोक्यावरून पाणी घेताना डोळे मिटतात, तेव्हा हाताशी भिंत किंवा पक्की दांडी असावी. वाहन चालवणे डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत बंद. विहिरीत, नदीत एकट्याने उतरू नये. पाण्याखाली वर कुठले आणि खाली कुठले हे कळेनासे होऊ शकते. दोरीवर कपडे वाळत घालणे, खालच्या फळीवरचा डबा काढणे ही कामे मात्र त्याच्याकडून हिरावून घेऊ नयेत. कोणी जवळ उभे राहावे म्हणजे झाले. जागरण, दगदग किंवा नवा सर्दी-ताप झाला, की जुनी डगमग दोन दिवस डोकावून जाते. ते दुखण्याचे पुनरागमन नव्हे. थकलेल्या मेंदूचा पाठ क्षणभर विसरला, इतकेच. व्यायाम पुन्हा चालू केले, की तो आठवतो.

आता दिवाळीच आहे. आकाशकंदील लावायला यंदा स्टुलावर दुसऱ्या कोणाला चढू द्या. पण अंगणातली रांगोळी त्या माणसालाच काढू द्या. वाकणे, मान वळवणे, उठून लांबून पाहणे, पुन्हा वाकणे. कॉथॉर्नसाहेबांनी हा धडा आपल्या यादीत आनंदाने घेतला असता. रांगोळीची एखादी रेघ वाकडी गेली, तर कोणी बोलू नये. आणि उठताना त्याने हात मागितला तर जरूर द्यावा, तो दोन पावले चालला की सोडावाही. धरण्याची माया सगळ्यांनाच असते. या दुखण्यात वेळेवर हात सोडण्याची मायाही लागते.